गाव रायगडात, धंदा गोव्यात: टॅक्स नक्की कुठल्या राज्याला?

मागच्या व्हिडिओत जीएसटी नोंदणीवर बोलताना "दुसऱ्या राज्यात" हे शब्द मी तीन-चार वेळा वापरले आणि पुढे निघून गेले. त्यानंतर बॅचमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. कुणी मूळचा म्हसळ्याचा, हॉटेलात कामाला मडगावला, आणि गावच्या घरात होमस्टे सुरू करायचाय. कुणाचं माहेर मुरूड, नवऱ्याची नोकरी सुरतला, आणि लोणच्याचा व्यवसाय तिथून करायचाय. कुणाचा भाऊ बंगळूरला, तो म्हणतो माल पाठव, मी इथे विकतो. प्रत्येकाचं म्हणणं फिरून एकाच जागी येतं: "ताई, माझं आधार, रेशन कार्ड, मतदान सगळं रायगडात. मग टॅक्स महाराष्ट्राला भरायचा की तिकडच्या राज्याला?"

दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. टॅक्सला तुमचं मूळ गाव कळत नाही. काम कुठे झालं आणि माल कुठे गेला, एवढंच त्याला कळतं. अधिवासाचा दाखला कॉलेज प्रवेशाला आणि सरकारी नोकरीला लागतो, टॅक्सला त्याचा काही उपयोग नाही. इथवर सगळं ठीक आहे. पण माल राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा आपला कायदा लहान उत्पादकाला मोठ्या व्यापाऱ्याच्या रांगेत उभं करतो, आणि ते मला पटत नाही. का पटत नाही ते खाली येईलच. आधी सोपा भाग संपवू.

इन्कम टॅक्स: राज्याचा संबंधच नाही

भारतात इन्कम टॅक्स केंद्राचा आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत ८२ नंबरला तो आहे, फक्त शेतीचं उत्पन्न सोडून. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांकडे आहे. म्हणजे तुम्ही मडगावात पगार घ्या, सुरतला घ्या नाहीतर श्रीवर्धनला दुकान चालवा, स्लॅब तेच, रिटर्न एकच, पॅन एकच. जुना १९६१ चा कायदा असो की १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा २०२५ चा, यात फरक पडलेला नाही. पॅनवरचा पत्ता बदलला तर तुमची फाइल कुठल्या अधिकाऱ्याकडे जाते एवढंच बदलतं.

त्यामुळे गोव्यातला पगार आणि नागावच्या होमस्टेची कमाई एकाच रिटर्नमध्ये दाखवायची. "गोव्याचा पगार गोव्यात, इकडचं इकडे" असं मनाशी ठरवून होमस्टेची कमाई रिटर्नमधून गाळणारे लोक मी बघितलेत. टॅक्सची भीती बाजूला ठेवा, पण अशा माणसाला उद्या बँकेत होमस्टे वाढवायला कर्ज हवं असतं तेव्हा दाखवायला धंद्याचं उत्पन्नच नसतं.

मग राज्याच्या इन्कम टॅक्सची गोष्ट आपल्या कानावर येते कुठून? अमेरिकेतून. तिथे केंद्राचा इन्कम टॅक्स आहेच, वर बहुतेक राज्यांचा स्वतःचाही आहे. न्यू जर्सीत राहणारी आणि रोज ट्रेननं न्यूयॉर्कला कामाला जाणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना न्यूयॉर्क राज्यात परराज्यातला रहिवासी म्हणून रिटर्न भरावं लागतं, न्यू जर्सीत रहिवासी म्हणून वेगळं, आणि न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट न्यू जर्सीत मागावी लागते. टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. कुणाचा आतेभाऊ तिकडून फोनवर हे सांगतो आणि इकडे आपल्याला वाटतं, आपल्याकडेही असंच असणार. नाही. ही एक डोकेदुखी आपल्या घटनेनं आपल्याला दिलेली नाही.

अपवाद आहेत, पण ते आपल्या कामाचे नाहीत. सिक्कीमच्या मूळ लोकांना सिक्कीममधल्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स माफ आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक मालमत्तेचा कायदा चालतो, त्यामुळे त्या कायद्याखाली येणाऱ्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून धरलं जातं. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळा तक्ता असतो. गोव्यात नुसतं दुकान टाकलं म्हणून रायगडच्या जोडप्याला हा फायदा मिळत नाही. कुणी एजंट तसं सांगून तुमचं रिटर्न भरत असेल तर त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायला सांगा.

आणि जहाजावर जाणारी आपल्याकडची पोरं? त्यांचं गणित देशाबाहेर किती दिवस काढले यावर असतं. राज्य तिथेही येत नाही.

"पण मग माझा पैसा महाराष्ट्राला मिळतो की नाही?" हा प्रश्न मला खरं तर आवडतो. उत्तर असं की इन्कम टॅक्स आधी केंद्राच्या तिजोरीत जातो आणि मग वित्त आयोगाच्या सूत्रानं राज्यांना वाटला जातो. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी वाटपायोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना ठरवला. त्या हिश्शात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, गोव्याचा ०.३८६ टक्के. तुम्ही टॅक्स कुठे बसून भरला याच्यावर ते ठरत नाही. मडगावला राहून भरलेला टॅक्स गोव्याला जास्त मिळत नाही आणि अलिबागला राहून भरलेला महाराष्ट्राला जास्त मिळत नाही.

व्यवसाय कर: हा मात्र राज्याचा, आणि काम करता त्या जागेचा

पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून जे कापलेलं दिसतं, तो हा. राज्याचा इन्कम टॅक्स म्हणावं असं आपल्याकडे जे काही आहे ते एवढंच. घटनेच्या २७६ व्या कलमानं राज्यांना तो लावू दिलाय, पण वर्षाला एका माणसाकडून २५०० रुपयांच्या वर घेता येत नाही. ही मर्यादा आधी २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २५०० झाली आणि तिथेच थांबली.

महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. पगारदार पुरुषाला महिना १० हजारांच्या वर पगार असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २५००. पगारदार महिलेला १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफ. कर्नाटकात २५ हजारांच्या आतल्या पगाराला हा कर नाही, गुजरातेत १२ हजारांपर्यंत नाही. गोव्यात राज्याचा व्यवसाय करच नाही. तिथे पंचायतीचं किंवा पालिकेचं धंद्याचं लायसन्स असतं, त्याची फी वेगळी, ती जागेवर विचारायची.

आता आपल्या म्हसळ्याच्या मुलाकडे या. मडगावच्या पगारावर त्याचा व्यवसाय कर कापला जाणार नाही. तो खूश. पण गावच्या घरात होमस्टे सुरू केला की तो महाराष्ट्रात व्यवसाय करतोय. स्वतः तिथे राहत नसला, आई-वडील चालवत असले तरी व्यवसाय त्याच्या नावावर आहे. मग पीटीईसी, म्हणजे स्वतःच्या व्यवसाय कराची नावनोंदणी, त्याला महाराष्ट्रात करायला लागते आणि २५०० रुपये दरवर्षी ३० जूनच्या आत भरायला लागतात. होमस्टेवर पगारी माणूस ठेवला आणि त्याचा पगार मर्यादेच्या वर गेला तर पीटीआरसी वेगळी, कारण त्या माणसाचा कर कापून भरायची जबाबदारी मालकाची. आणि हाच मुलगा पुढे मडगाव सोडून बेळगावला गेला, तिथे स्वतःचं दुकान टाकलं, तर कर्नाटकचा व्यवसाय करही लागेल, कारण २५०० ची मर्यादा एका राज्यापुरती आहे. दोन राज्यांत धंदा, दोन राज्यांत व्यवसाय कर. "मी एकीकडे भरलाय" हे उत्तर दुसरीकडे चालत नाही.

रक्कम लहान आहे म्हणून लोक हा कर विसरतात, आणि तो मुकाट्यानं साचत जातो. व्याज, दंड. आपल्याकडे जीएसटी नोंदणी करायला गेल्यावर पीटीईसीची आठवण होते, तोवर दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. धंदा सुरू केल्यापासून ३० दिवसांत नावनोंदणी करून मोकळे व्हा. भरलेली रक्कम धंद्याच्या खर्चात धरता येते.

जाता जाता एक तक्रार. महिलांची २५ हजारांची सवलत फक्त पगारदार महिलांना आहे. दुसऱ्याच्या दुकानात २४ हजारांवर काम करणाऱ्या बाईला व्यवसाय कर शून्य. तीच बाई नोकरी सोडून स्वतःचं छोटं दुकान टाकते, पहिल्या वर्षी महिन्याला १२ हजारही सुटत नाहीत, तरी २५०० भरते. महिला उद्योजिकांच्या कार्यक्रमांत पुष्पगुच्छ खूप मिळतात. त्यातला एक कमी करून ही सवलत दिली तरी चालेल.

जीएसटी: इथे खरी अडचण आहे

माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. हे फक्त राज्याच्या आत खरं आहे, हे मात्र पाठ नाही.

कायद्याच्या २४ व्या कलमात लिहिलंय की करपात्र माल दुसऱ्या राज्यात पुरवणाऱ्याला नोंदणी सक्तीची, मग उलाढाल कितीही असो. म्हणजे रेवदंड्याची एक ताई वर्षाला ६ लाखांचं लोणचं आणि कोकम सरबत विकते. अलिबाग, पनवेल, ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही पाठवलं तरी तिला नोंदणी नको. नागपूरला पाठवलं तरी नको. पण सावंतवाडीच्या पुढे पत्रादेवीची हद्द ओलांडून पणजीला ८०० रुपयांचं एक पार्सल गेलं की ती नोंदणीच्या सक्तीत आली. आणि नोंदणी झाली की तिच्या महाराष्ट्रातल्या विक्रीवरही टॅक्स सुरू, फक्त त्या पार्सलवर नाही. रिटर्न भरायचे, विक्री शून्य असली तरी भरायचे. कंपोझिशनचा सोपा रस्ताही बंद, कारण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकायला परवानगी नाही. नोंदणी न करता पाठवत राहिली आणि पकडली गेली तर दंड १० हजार किंवा बुडवलेला कर, यातलं जास्त असेल ते.

आता तिच्याच शेजारची मुलगी घ्या. घरी लॅपटॉपवर वेबसाइट बनवते, लोगो करते. तिचे निम्मे गिऱ्हाईक बंगळूरचे, थोडे दिल्लीचे. वर्षाला १९ लाख कमावते. तिला नोंदणी नको. कारण १३ ऑक्टोबर २०१७ पासून सरकारनं सेवा देणाऱ्यांना राज्याबाहेरच्या कामासाठीही २० लाखांची सूट दिली. हातानं बनवलेल्या ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंनाही २० लाखांपर्यंत अशीच सूट आहे. लोणचं हातानंच घालतात, पण त्या यादीत खाण्याच्या वस्तू नाहीत.

१९ लाखांची सेवा मोकळी आणि ८०० रुपयांची बरणी अडकलेली. मला यामागचं कारण कुणी नीट पटवून दिलेलं नाही.

कारण काय सांगतात तेही सांगते, कारण ते अगदीच फुसकं नाही. जीएसटी हा जिथे माल वापरला जातो त्या राज्याला मिळणारा कर आहे. माल हद्द ओलांडून गेला आणि नोंदच नसली तर गोव्याच्या वाट्याचा कर बुडतो, शिवाय खोट्या बिलांचा आणि बेनामी मालाच्या ट्रकांचा सुळसुळाट होतो. ट्रकांचं मान्य. पण बंगळूरच्या गिऱ्हाइकाला वेबसाइट विकली तेव्हाही कर्नाटकाला काही मिळालं नाही, आणि ते आपण चालवून घेतलं. मग ६० हजारांच्या लोणच्याला वेगळा न्याय का? आणि नोंद ठेवायचीच असेल तर सोय तयार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, पॅनवर नावनोंदणी क्रमांक घेऊन, ऑनलाइन मंचांवर माल विकता येतो. फक्त आपल्या राज्याच्या आत. तोच क्रमांक, तीच पद्धत, २० लाखांची मर्यादा ठेवून राज्याबाहेर चालू द्या. सरकारला माल कुठे गेला ते दिसेल आणि आमच्या ताईला दर महिन्याला अकाउंटंटला पैसे मोजावे लागणार नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या करदात्यांना तीन कामाच्या दिवसांत नोंदणी देण्याची सोय आली. चांगलं आहे, पण त्रास नोंदणी मिळवण्यात कमी आणि ती सांभाळण्यात जास्त आहे.

नियम बदलेपर्यंत मात्र नियम हाच आहे, आणि माझ्या बॅचमधल्या कुणीही "छोटं पार्सल आहे, कोण बघतंय" असं म्हणू नये. कुरिअर कंपनीकडे नोंद असते, पैसे यूपीआयनं आलेले असतात.

मग करायचं काय?

आधी हिशोब. रेवदंड्याच्या ताईची ६ लाखांची विक्री, त्यातली राज्याबाहेरची मागणी ६० हजारांची. नफा ३० टक्के धरला तर त्या ६० हजारांतून सुटतात १८ हजार. नोंदणी केली तर ६ लाखांवर, ५ टक्के दर धरा, ३० हजार टॅक्स. त्यातून बरण्या, लेबल, खोके यांच्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळेल, पण अकाउंटंटची फी वर आहे. टॅक्स किंमत वाढवून गिऱ्हाइकाकडून घेता येतो, पण आपल्याकडे आठवडी बाजारात १५० ची बरणी १५८ ला सांगून बघा, काय होतं. म्हणजे १८ हजारांसाठी हा पसारा नको. तीच राज्याबाहेरची मागणी ३ लाखांची असेल आणि एकूण विक्री ९ लाखांची, तर ३ लाखांतून ९० हजार सुटतात आणि टॅक्स ४५ हजार. इथे नोंदणी करून, नीट ब्रँड करून बाहेर पडायला हरकत नाही. प्रत्येकानं स्वतःचे आकडे घालून बघायचं.

मागणी कमी असेल त्यांच्यासाठी कायद्यातच बसणारे रस्ते आहेत.

सगळा माल करपात्र नसतो. पापडाला जीएसटी नाही. आपले पोह्याचे पापड बंगळूरला, इंदूरला, कुठेही पाठवा, त्यानं नोंदणीची सक्ती येत नाही, कारण सक्ती करपात्र माल बाहेर पाठवण्यावर आहे. ताजी मासळी, ताजी भाजी, अलिबागचा पांढरा कांदा, पेणच्या शाडूच्या मूर्ती यांचंही तसंच. म्हणून पापड राज्याबाहेर आणि लोणचं महाराष्ट्रातच, अशी विभागणी करून पुष्कळ बायका आरामात धंदा करू शकतात. बिलबुकं वेगवेगळी ठेवा म्हणजे झालं.

दुसरा रस्ता, महाराष्ट्रातल्याच नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला माल विका. तुमची विक्री राज्याच्या आतली. पुढे तो गोव्याला नेतो की दिल्लीला, तो त्याचा हिशोब. मार्जिन जाईल, मान्य. पण वर्षभर रिटर्नची तारीख डोक्यावर राहणार नाही.

तिसरा, गिऱ्हाईक तुमच्या दारात येऊ दे. आपण रायगडच्या किनाऱ्यावर आहोत. नागाव, काशिद, दिवेआगर, हरिहरेश्वरला सुट्टीत गुजरात, कर्नाटकच्या नंबरच्या गाड्या उभ्या असतात. तुमच्या काउंटरवर येऊन माल हातात घेऊन गेलेला पर्यटक म्हणजे राज्यातली विक्री. पण इथे एक बारीक गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला तर माल त्या पत्त्यावर पुरवला असं धरतात, आणि नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखं होतं. पत्ता नसेल तर पुरवठा दुकानाच्या जागी. त्यामुळे काउंटरवर ४०० रुपयांच्या बिलावर हौसेनं "सुरत, गुजरात" लिहू नका. ५० हजारांच्या आतल्या अशा बिलावर पत्त्याची सक्ती नाही.

होमस्टेवाल्यांना मात्र ही काळजीच नाही. राहण्याच्या सेवेची जागा म्हणजे जिथे खोली आहे ती जागा. पाहुणा अहमदाबादचा असो की हैदराबादचा, व्यवहार महाराष्ट्रातला. नोंदणीच्या मर्यादेखाली असाल आणि बुकिंग ऑनलाइन मंचावरून आलं असेल तर त्या भाड्यावरचा जीएसटी मंचवाल्यानं भरायचा असतो.

दुसऱ्या राज्यात दुकानच टाकायचं असेल तर

कुडाळ-सावंतवाडीकडचे लोक गोव्यात दुकान टाकतात, तसं आता आपल्याकडच्याही काहींनी म्हापशात, पणजीत जागा बघायला सुरुवात केलीय. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

जीएसटी नंबर राज्याप्रमाणे वेगळा. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, गोव्याचा ३० नं, गुजरातचा २४, कर्नाटकचा २९. पण मर्यादा मोजताना उलाढाल पॅनवर एकत्र मोजतात. रायगडात ३० लाख आणि गोव्यात १५ लाख म्हणजे ४५ लाख, दोन्हीकडे नोंदणी. "दोन्ही राज्यांत ४०-४० लाख माफ" हे जे कुणीतरी सांगत फिरतंय ते चुकीचं आहे.

अलिबागच्या गोदामातून म्हापशाच्या आपल्याच दुकानात माल पाठवला तरी तो कायद्यानं पुरवठा आहे. पैसे घेतले नसले तरी. कारण दोन राज्यांतल्या दोन शाखा जीएसटीत दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात. म्हणजे बिल हवं, आयजीएसटी हवा, आणि माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल हवं. भरलेला टॅक्स गोव्याच्या नंबरवर वजा होतो, पण पैसा तेवढे दिवस अडकतो. खेळतं भांडवल मोजताना हे धरलं नाही की दुसऱ्याच महिन्यात ओढाताण सुरू होते.

आणि दुकान कायद्याची नोंद, खाण्याच्या पदार्थांचं लायसन्स हे सगळं त्या जागेचं वेगळं. इथलं तिथे चालत नाही.

सुरतच्या आमच्या मुरूडच्या ताईला याचा अर्थ असा: लोणचं सुरतला घालून सुरत, नवसारी, वलसाडला विकलं तर तिचा धंदा गुजरातचा, मुरूडशी काही देणंघेणं नाही, आणि ४० लाखांपर्यंत नोंदणीही नको. माहेरी पाठवायचं असेल तर घरच्यांसाठी पाठव, विकायला नको.

मेळ्याला जायचं असेल तर

बचत गटांसाठी शेवटचा मुद्दा, कारण हंगाम जवळ येतो तेव्हा फोन सुरू होतात. मुंबईचा महालक्ष्मी सरस राज्यातला, तिथे प्रश्न नाही. पण ग्रामविकास मंत्रालयाचा सरस आजीविका मेळा दिल्लीत किंवा गुरुग्रामला असतो. तिथे करपात्र माल घेऊन स्टॉल लावायचा तर त्या राज्याची तात्पुरती नोंदणी लागते, तिला कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन म्हणतात. स्टॉल सुरू व्हायच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे जेवढा टॅक्स होईल तेवढा आगाऊ भरायचा, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस आणि पुढे ९० दिवस वाढवता येते. यादीतली हस्तकला असेल तर २० लाखांपर्यंत यातून सूट. मेळ्याचं निमंत्रण मिळालं की आयोजकांना पहिला प्रश्न हा विचारा की जीएसटीचं तुम्ही काय करून देता, आणि उत्तर लेखी घ्या.

पुढच्या व्हिडिओत त्या तात्पुरत्या नोंदणीचा आरईजी-०१ फॉर्म स्क्रीनवर भरून दाखवणार आहे. त्याआधी एक काम करून ठेवा. गेल्या १२ महिन्यांच्या कुरिअरच्या पावत्या काढा आणि तीन गठ्ठे करा: महाराष्ट्रात गेलेला माल, बाहेर गेलेला करमाफ माल, बाहेर गेलेला करपात्र माल. तिसऱ्या गठ्ठ्याची बेरीज कागदावर लिहून बॅचला या. तिथूनच सुरू करू.